मच्छीमार संस्थेच्या याद्या कुलूपबंद करणे आणि त्यांवर सही : जीपीजीच्या प्रकल्प नोंदी

हर्णै बंदराच्या परिसरातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयातल्या या नोंदी. जीपीजी म्हणजे फाइल कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारा आणि तिच्यावर संगणकी सही करणारा कार्यक्रम. काम दुहेरी आहे. डिझेल परताव्याच्या याद्या, सभासदांचे बँक खाते क्रमांक आणि आधारच्या प्रती लेखापरीक्षकाकडे जाताना तिसऱ्या कोणाला वाचता येऊ नयेत. आणि हातात आलेली यादी सचिवांनीच पाठवली आहे, वाटेत एकही खाते क्रमांक बदललेला नाही, हे तपासता यावे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि कार्यालयाला श्वास घ्यायला वेळ मिळतो, म्हणून हेच दिवस धरले.

यंत्रे तीन : कार्यालयातला डेस्कटॉप (उबुंटू २४.०४, त्यात जीपीजी २.४.४), सचिवांचा विंडोज लॅपटॉप, आणि लेखापरीक्षकांच्या कार्यालयातला जुना संगणक (उबुंटू २०.०४, जीपीजी २.२.१९). कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि दोन आडव्या रेघांसह लिहाव्यात.

२ जून : काय झाकायचे, कशावर फक्त सही

आधी कागदावर यादी केली. सभासद यादी, परताव्याचा तक्ता, पासबुकांची स्कॅन हे सगळे झाकायचे आणि सहीही करायची. सभेची सूचना, लिलावाच्या वेळा, वर्गणीचे दर हे लपवण्यासारखे काही नाही, पण त्यात कोणी फेरफार केला तर भांडण होते. त्यावर फक्त सही. ही विभागणी आधी केली नाही तर सगळेच झाकले जाते आणि सूचना कोणालाच उघडत नाही.

आतापर्यंत पासवर्ड लावलेली झिप फाइल जात होती. पासवर्ड त्याच व्हॉट्सअ‍ॅप गटात जात होता, हा एक प्रश्न. दुसरा असा की झिपची जुनी पद्धत फार कच्ची आहे : आतल्या एखाद्या फाइलचा थोडा मजकूर माहीत असला तर ती फोडता येते, हे १९९४ पासून माहीत आहे. एईएस ही पक्की पद्धत लावलेली झिप बरी, पण तीतही आतल्या फाइलींची नावे उघडी दिसतात. आणि झिपवर सही नाही. पासवर्ड माहीत असलेला कोणीही यादी उघडून, खाते क्रमांक बदलून, तोच पासवर्ड लावून पुन्हा बंद करू शकतो.

एज हे नवे हत्यार वापरायला जीपीजीहून सोपे आहे. पण ते फक्त कुलूप लावते, सही करत नाही, आणि ते मुद्दामच तसे बनवले आहे. आम्हाला दोन्ही हवे होते आणि तीन माणसांना एकच गोष्ट शिकवायची होती, म्हणून जीपीजी.

४ जून : बसवणे

उबुंटूवर जीपीजी आधीच असते. जीपीजी --व्हर्जन देऊन आवृत्ती बघा आणि वहीत लिहून ठेवा. पुढे १६ जूनच्या नोंदीत तिची गरज पडली. विंडोजवर जीपीजीफोरविन बसवले. त्याच्यासोबत येणारी खिडक्यांची सोय वापरली नाही, कारण मग फोनवर मदत करताना दोघांच्या पडद्यांवर वेगवेगळे दिसते. कमांड सगळीकडे सारखी.

५ जून : चाव्या बनवणे

दर चावीला दोन बाजू असतात. सार्वजनिक बाजू इतरांना द्यायची : तिने कुलूप लागते आणि सही तपासली जाते. खाजगी बाजू स्वतःकडे, पासफ्रेज या लांब पासवर्डाखाली : तिने कुलूप उघडते आणि सही होते. कमांड : जीपीजी --फुल-जनरेट-की. प्रकार : ईसीसी, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही. वक्र : २५५१९. मुदत : एक वर्ष. मुदतीचा विचार करून ठरवा. वर्षाने चावी संपणार ती पुन्हा जूनमध्ये, म्हणजे नूतनीकरणही बंदीच्या काळातच होईल. ऐन हंगामात, लिलावाच्या गर्दीत चावी संपली तर कोणीही तिच्याकडे बघणार नाही आणि उघड्या फाइली पुन्हा फिरू लागतील.

संस्थेच्या नावाची एकच चावी करून सगळ्यांना द्यावी अशी सूचना होती, ती नाकारली. एका चावीवर चौघे सही करत असतील तर सही कोणाची हे कधीच सांगता येणार नाही. माणसागणिक चावी.

नाव मराठीत टाकून पाहिले. जीपीजी ते स्वीकारते, उबुंटूवर नीट दिसते, पण विंडोजच्या काळ्या खिडकीत प्रश्नचिन्हे आली. नाव रोमन लिपीतच ठेवा. पासफ्रेजही रोमनमध्येच टंका. पासफ्रेज विचारणाऱ्या पिनएंट्रीच्या खिडकीत मराठी कीबोर्ड चालेलच याची खात्री नाही, आणि टंकलेले तिथे दिसतही नाही.

पासफ्रेजचे शब्द मनाने सुचवू नका, फासे टाका आणि आलेल्या आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्या. पाच फाशांच्या रूढ यादीत ७,७७६ शब्द असतात, दर शब्दाला सुमारे १२.९ बिट (बिट हे अंदाज लावणे किती अवघड याचे माप), सहा शब्दांत ७७ बिट होतात. मराठी शब्दांची छोटी यादी चार फाशांसाठी केली तर ती १,२९६ शब्दांची होते आणि दर शब्दाला १०.३ बिटच मिळतात. तेव्हा सहाऐवजी आठ शब्द घ्या. होडीचे नाव आणि वर्ष हा पासफ्रेज अजिबात नको : होडीचे नाव बंदरात होडीवरच रंगवलेले असते.

बिघाड : सचिवांच्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावर दुरून काम करण्याची सोय) डेस्कटॉपवर येऊन सही करायला गेलो तर ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’ असे येऊन काम थांबते. पासफ्रेज कोणत्या पडद्यावर विचारायचा हे एजंटला (पासफ्रेज सांभाळणारा जीपीजीचा भाग) कळत नाही, एवढेच कारण. बॅशआरसी फाइलमध्ये जीपीजी_टीटीवाय या चलाला (हे मात्र मोठ्या अक्षरांत) टीटीवाय कमांडचे उत्तर देऊन ते एक्स्पोर्ट करा, नवे टर्मिनल उघडा. काम होते. एकदा दिलेला पासफ्रेज एजंट ६०० सेकंद लक्षात ठेवतो, आणि वापर चालू राहिला तर जास्तीत जास्त ७,२०० सेकंद. कार्यालयात लोकांची ये-जा असते, म्हणून आम्ही हा काळ १२० सेकंदांवर आणला.

९ जून : घड्याळाने घातलेला घोळ

वादळी पावसात वीज गेली ती दोन दिवस आली नाही. डेस्कटॉप पुन्हा सुरू झाल्यावर नव्याने आयात केलेली चावी तो मानेना : चावी भविष्यकाळात तयार झाली आहे, असा निरोप. चावीत दोष नव्हता. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता आणि घड्याळ मागे पडले होते.

यातली खरी अडचण अशी की वर्ष २००० वगैरे दिसले असते तर कोणाच्याही लक्षात आले असते. पण घड्याळ गेलेले असेल तर उबुंटू शेवटची नोंदलेली वेळ धरून सुरू होते, म्हणून तारीख फक्त दोन दिवस मागे होती. इंटरनेट आले की वेळ आपोआप सुधारते. पण ब्रॉडबँडही बंद होते. वेळेतली तफावत दुर्लक्षित करण्याचा पर्याय जीपीजीत आहे. तो वापरू नका. चुकीच्या घड्याळाने केलेल्या सहीवर चुकीची तारीख कायमची बसते, आणि परताव्याच्या यादीत तारखेलाच महत्त्व आहे.

सेल ५० रुपयांच्या आत मिळतो. बदलताना त्याखालची पितळी पट्टी बघा. खाऱ्या हवेने ती हिरवी पडली होती. खोडरबराने घासून, कोरड्या कापडाने पुसून मग नवा सेल बसवला. यात सकाळ गेली. आता सहीपूर्वी डेट कमांड देऊन भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारीख ताडून बघायची, हा नियम.

११ जून : चाव्यांची देवाणघेवाण

सार्वजनिक चावी --आर्मर (साध्या अक्षरांच्या मजकुरात बदलणारा पर्याय) --एक्स्पोर्टने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. ती कोणी वाचली तरी बिघडत नाही. बिघडते ते मधल्या मध्ये कोणी ती बदलून स्वतःची दिली तर. संपूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त काळजी इथे घ्या, कारण चुकीच्या माणसाच्या चावीने लावलेले कुलूप कितीही पक्के असले तरी ते त्या चुकीच्या माणसासाठीच उघडते.

म्हणून चावीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारा छोटा संकेत, फोनवर वाचून घ्यायचा. तो ४० चिन्हांचा असतो, चार-चारांचे दहा गट. शेवटची आठ चिन्हे जुळली की झाले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते ऐकू नका. आठ चिन्हे हवी तशी जुळणारी खोटी चावी साध्या यंत्रावर काही सेकंदांत बनवता येते, हे २०१४ मध्ये दाखवून झाले आहे. चाळीसच्या चाळीस वाचा.

वाचताना अडचण आली ती आवाजाची. फिंगरप्रिंटमध्ये आकड्यांबरोबर ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे येतात, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असताना बी, सी, डी, ई ही चारही सारखीच ऐकू येतात. शब्द ठरवून घेतले : ए आंबा, बी बांगडा, सी चिंबोरी, डी डोल, ई इंजिन, एफ फणस. हे ठरल्यावर एकही गट पुन्हा विचारावा लागला नाही. फोन ज्याची चावी आहे त्याला आपण करायचा, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर. चावीसोबत आलेल्या क्रमांकावर नव्हे. आवाज ओळखीचा असला पाहिजे.

जुळल्यावर जीपीजी --क्विक-एलसाइन-की आणि पुढे पूर्ण फिंगरप्रिंट. या सहीने ‘ही चावी त्याच माणसाची’ अशी आपल्यापुरती नोंद होते. ती बाहेर जात नाही. हे केले नाही तर दर वेळी ‘ही चावी या माणसाची असल्याची खात्री नाही’ असा इशारा येतो आणि लोक न वाचता होय म्हणायला शिकतात. ती सवय लागू देऊ नका.

१३ जून : पहिली बंद फाइल

जीपीजी --साइन --एन्क्रिप्ट, मग --रेसिपियंट (ज्याच्यासाठी फाइल बंद करायची तो) आणि फिंगरप्रिंट, शेवटी फाइलचे नाव. दोन गोष्टी लगेच समोर आल्या.

पहिली : रेसिपियंटच्या जागी नाव दिले तर जीपीजी त्या नावाचा तुकडा जिथे सापडेल ती चावी उचलते. आमच्याकडे अख्ख्या वाडीचे आडनाव एक असते, नावेही पुन्हा पुन्हा तीच. नाव कधीही देऊ नका, पूर्ण फिंगरप्रिंट द्या. टंकायला नको असेल तर जीपीजी डॉट कॉन्फ फाइलमध्ये ग्रुप या शब्दाने टोपणनाव आणि त्यापुढे फिंगरप्रिंट लिहून ठेवता येतो.

दुसरी : फक्त लेखापरीक्षकाच्या चावीने बंद केलेली फाइल बंद करणाऱ्यालाही उघडत नाही. मूळ फाइल तोवर पुसलेली असली तर संस्थेकडे स्वतःची यादी उरत नाही. कॉन्फ फाइलमध्ये एन्क्रिप्ट-टू आणि स्वतःचा फिंगरप्रिंट लिहिला की दर फाइल आपल्यालाही उघडते. ही ओळ आधी लिहा, मग पहिली फाइल बंद करा.

फाइलच्या नावाबद्दल. आतले सगळे झाकले तरी नाव उघडेच राहते. ‘आधार-थकबाकीदार’ असे नाव दिले तर निम्मी बातमी बाहेर गेलीच. क्रमांक आणि तारीख एवढेच नाव ठेवले, तेही रोमनमध्ये.

मूळ उघडी फाइल पुसण्याचा विषय निघाला. एसएसडीवर श्रेड कमांडचा भरवसा धरू नका. जुने तुकडे कुठे राहतात ते चकतीलाच ठाऊक. शिवाय तक्ता ज्यात उघडतो तो कार्यक्रम स्वतःची तात्पुरती प्रत ठेवतो. डेस्कटॉपची पूर्ण चकतीच कूटबद्ध करणे हा उपाय. उबुंटू बसवतानाच तो पर्याय निवडता येतो. नंतर करायचे तर सगळे पुन्हा बसवावे लागते, म्हणून ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांनी हे आधी करावे.

१६ जून : जुन्या संगणकावर फाइल उघडेना

लेखापरीक्षकांनी आपली चावी घरच्या नव्या लॅपटॉपवर बनवली आणि तिची खाजगी प्रत कार्यालयातल्या जुन्या संगणकावर नेली. पासफ्रेज बरोबर, चावी बरोबर, तरी फाइल उघडत नाही. लॅपटॉपवर तीच फाइल उघडते.

कारण आवृत्तीत आहे. २.४ वर बनवलेली चावी स्वतःसोबत एक निशाणी बाळगते : मला ओसीबी नावाची नवी पद्धत चालते. पाठवणाऱ्याचे जीपीजी ती निशाणी पाहून नव्या पद्धतीने बंद करते. २.२.१९ ला ती पद्धत येत नाही. फाइल एकाहून अधिक माणसांसाठी असेल तर सर्वांच्या चाव्यांवर निशाणी असेल तरच ओसीबी वापरली जाते, म्हणून हा बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि शोधायला त्रास होतो.

उपाय : चावीच्या मालकाने --एडिट-की देऊन आत सेटप्रेफ, आणि त्यापुढे एईएस२५६ एईएस१९२ एईएस एसएचए५१२ एसएचए३८४ एसएचए२५६ झेडलिब बीझिप२ झिप अशी यादी द्यावी, मग सेव्ह. ओसीबीची निशाणी निघून जाते. फिंगरप्रिंट बदलत नाही, म्हणून पुन्हा फोन नको. पण सार्वजनिक चावी पुन्हा एक्स्पोर्ट करून सर्वांनी पुन्हा आयात केली पाहिजे. सेटप्रेफ केले आणि चावी पाठवलीच नाही, तर दुसऱ्याच्या यंत्राला काही कळत नाही. तोवर तातडीने एखादी फाइल पाठवायची असेल तर बंद करताना --आरएफसी४८८० हा पर्याय जोडावा. संगणक नवा करणे हे खरे औषध, पण ते त्यांच्या हातात.

१९ जून : ‘बॅड सिग्नेचर’

वर्गणीच्या दरपत्रकावर --डिटॅच-साइनने वेगळी सही केली. मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि शेजारी छोटी सिग फाइल तयार होते. पाठवलेल्या प्रतींपैकी काही तपासताना ‘बॅड सिग्नेचर’. फसवणूक कुठेच नव्हती. फाइलचे बाइट बदलले होते, आणि सहीला त्यातला फरक कळत नाही, कळूही नये. सापडलेली कारणे :

तक्ता उघडून, काही न बदलता, सवयीने सेव्ह केला. कार्यक्रम आतली तारीख बदलतो, तेवढे पुरते.

सीएसव्ही फाइल विंडोजवर सेव्ह झाली आणि दर ओळीच्या शेवटी जास्तीचे चिन्ह लागले. काही वेळा फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइटही लागतात.

सही केलेले स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेले. फोटो वाटेत आकसवला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला जसाच्या तसा पोचतो.

नियम : शेवटचा पीडीएफ तयार झाला की मगच सही, आणि सहीनंतर त्या फाइलला हात नाही. फोनने नावाला ‘(१)’ जोडले तर काही बिघडत नाही, कारण नाव सहीत धरलेले नसते. मात्र तपासताना जीपीजी --व्हेरिफायला सिगचे नाव आणि मूळ फाइलचे नाव, दोन्ही द्या, याच क्रमाने. एकच दिले तर ते दुसरी फाइल नावावरून शोधते, आणि ‘(१)’ने ती सापडत नाही.

मजकुरातच सही गुंफणारा --क्लिअरसाइन हा प्रकार वापरून पाहिला आणि सोडला. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर चिकटवला की ओळी मोडतात, सही तुटते.

२० जून : ‘गुड सिग्नेचर’ वाचायचे कसे

कालच्यापेक्षा हे महत्त्वाचे. ‘गुड सिग्नेचर’ एवढेच पाहून यादी खरी मानू नका. तुमच्या संग्रहातल्या कोणत्याही चावीने केलेली सही गुडच असते. सचिवांच्या यादीवर भलत्याची सही असेल तरी ती गुड. पुढे कोणाचे नाव आहे, आणि नावावरही न थांबता फिंगरप्रिंट कोणता, ते वाचा. नाव कोणीही काहीही टाकू शकतो. खात्री न केलेल्या चावीच्या सहीलाही जीपीजी इशारा देऊन शेवटी शून्य हाच निकालाचा आकडा परत करते, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबणारी स्क्रिप्ट फसते.

दोन मार्ग आहेत. --स्टेटस-एफडी १ जोडून ‘व्हॅलिडसिग’ ही ओळ शोधायची आणि तीतला फिंगरप्रिंट ताडायचा. किंवा जीपीजीव्ही हे छोटे भावंड वापरायचे : त्याला आपण दिलेल्या संचातल्याच चाव्या माहीत, बाकी कोणी नाही. संच म्हणजे सचिवांची सार्वजनिक चावी आर्मर न करता एक्स्पोर्ट केलेली फाइल. तिच्या नावापुढे टिंब आणि तिरकी रेघ द्यायला विसरू नका, नाहीतर जीपीजीव्ही ती स्वतःच्या फोल्डरात शोधते. आम्ही जीपीजीव्ही घेतले.

आणि एक भोक जे सहीने बुजत नाही. गेल्या महिन्याची यादी, तिची खरी सही, दोन्ही पुन्हा पाठवले तर तपासणी पार होते. म्हणून यादीच्या पहिल्या ओळीत महिना, अनुक्रमांक आणि ‘आधीची यादी रद्द’ असे लिहायचे ठरले. अनुक्रमांक मजकुरात हवा. फाइलच्या नावात असून उपयोग नाही.

२४ जून : मोठी फाइल

पासबुकांची स्कॅन एका टार फाइलमध्ये बांधली, दीड जीबीच्या आसपास. बंद करताना --कॉम्प्रेस-लेव्हल ० दिले, कारण जेपीईजी आणखी आकसत नाहीत, उगाच वेळ जातो. आर्मर करू नका. फाइल तिसऱ्या हिश्शाने फुगते.

पावसात मोबाइलचे नेटवर्क मध्येच तुटते, म्हणून बंद झालेली फाइल स्प्लिटने ५० एमबीच्या तुकड्यांत कापली. एक तुकडा अर्धवट पोचला तरी जोडल्यावर उघडताना फाइल अयशस्वी ठरते आणि दोष कोणत्या तुकड्यात ते कळत नाही. तुकड्यांची एसएचए२५६सम यादी (दर तुकड्याच्या बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा) करून, तीवर सही करून सोबत पाठवली. मग फक्त बिघडलेला तुकडा पुन्हा मागवता येतो.

उघडताना जीपीजीचे उत्तर थेट टारमध्ये ओतू नका. अखंडतेची तपासणी शेवटी पूर्ण होते, तोवर मजकूर बाहेर पडत असतो. आधी फाइल म्हणून उघडा, निकालाचा आकडा शून्य आहे ना बघा, मगच टार सोडा.

२८ जून : चावीची जपणूक

इथल्या हवेत पेनड्राइव्हची टोके गंजतात आणि कागदाला बुरशी धरते. म्हणून दोन्ही केले, एकावर भिस्त नाही.

दोन पेनड्राइव्ह, दोन वेगळ्या इमारतींत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, ओल धरली की दिसते. खर्च हजार रुपयांच्या आतबाहेर. पेनड्राइव्हवर --एक्स्पोर्ट-सीक्रेट-कीजने काढलेली प्रत. ती पासफ्रेजने बंदच असते.

कागदासाठी पेपरकी. ते चावीतला फक्त गुप्त भाग काढून छापते, आणि दर ओळीच्या शेवटी तपासणीचा आकडा देते. म्हणून पुन्हा टंकताना चूक कोणत्या ओळीत झाली ते लगेच कळते. साधा आर्मर मजकूर छापला तर एवढेच कळते की कुठेतरी चूक आहे. पेपरकीच्या कागदावरून चावी उभी करायला सार्वजनिक चावी लागते, पण ती तीन यंत्रांवर आहेच. छपाई लेझर प्रिंटरवर करा. इंकजेटची शाई इथल्या दमटपणात पसरते.

परत उभी करून पाहिल्याशिवाय प्रत धरू नका. --होमडिर देऊन रिकाम्या फोल्डरात आयात केली आणि एक जुनी फाइल उघडली. फोल्डर थेट पेनड्राइव्हवर घेतला होता तेव्हा परवानग्या असुरक्षित असल्याचा इशारा आला आणि एजंट सुरूच होईना. पेनड्राइव्हची एफएटी मांडणी परवानग्या पाळत नाही. फोल्डर चकतीवर घेऊन सीएचमॉड ७०० दिल्यावर चालले.

चावी बनवतानाच रद्दपत्र तयार होते, ओपनपीजीपी-रेव्होक्स डॉट डी या फोल्डरात. चुकून वापरले जाऊ नये म्हणून त्यातल्या पाच रेघांनी सुरू होणाऱ्या पहिल्या ओळीआधी अपूर्णविराम घातलेला असतो. वापरायच्या वेळी तो काढावा लागतो. रद्दपत्राला पासफ्रेज लागत नाही, ज्याच्या हातात ते तो चावी रद्द करू शकतो. म्हणून ते छापून, बंद पाकिटात, चावीच्या प्रतींपासून दूर, अध्यक्षांकडे.

३ जुलै : मुदतवाढीची रंगीत तालीम

पुढच्या जूनपर्यंत न थांबता, एका दिवसाच्या मुदतीची खेळातली चावी बनवून ती संपू दिली. जीपीजी --क्विक-सेट-एक्स्पायर, फिंगरप्रिंट, १वाय. चावी जिवंत दिसते, सही होते, पण तिच्यासाठी फाइल बंद करायला गेल्यास ‘अनयूझेबल पब्लिक की’. चावीचे दोन भाग असतात, मुख्य भाग सहीचा आणि उपचावी कुलपाची; या कमांडने फक्त मुख्य भागाची मुदत वाढते. तीच कमांड पुन्हा द्यायची आणि शेवटी उपचावीचा फिंगरप्रिंट घालायचा, म्हणजे तिचीही वाढते. फिंगरप्रिंटऐवजी अवतरणात तारा घातला तर ज्यांची मुदत अजून संपलेली नाही त्याच उपचाव्यांची वाढते. मग पुन्हा एक्स्पोर्ट, पुन्हा सर्वांनी आयात.

मुदत संपलेल्या चावीने जुन्या फाइली उघडतात. म्हणून जुनी चावी कधीही पुसू नका.

यातूनच पुढचा प्रश्न आला. सचिव बदलले तर त्यांच्या चावीने बंद झालेली दहा वर्षांची दप्तरे कोण उघडणार? माणसाची चावी माणसासोबत जाते, आणि ते बरोबरच आहे. तोड अशी : एक संग्रह चावी बनवली, जिने सही करायची नाही. तिची सार्वजनिक बाजू कॉन्फ फाइलमध्ये दुसऱ्या एन्क्रिप्ट-टू ओळीत. खाजगी बाजू कोणत्याही यंत्रावर नाही, फक्त तिजोरीतल्या डब्यात. तिचा पासफ्रेज दोन पाकिटांत निम्मा निम्मा, दोन पदाधिकाऱ्यांकडे. आठ शब्दांचा असल्याने चार-चार शब्दांत वाटला. एका पाकिटातल्या चार शब्दांमुळे उरलेली ताकद ४१ बिटांवर येते हे खरे, म्हणून डबा आणि पाकीट एकाच माणसाकडे कधीही ठेवू नये.

१० जुलै : एकच स्क्रिप्ट

कार्यालयातल्या दोघांना एवढ्या कमांड पाठ करायला लावणे चूक. एक शेल स्क्रिप्ट केली. क्रम : तारीख पडद्यावर दाखवून होय-नाही विचारणे, फाइल पीडीएफ किंवा टारच आहे ना पाहणे, ग्रुपमधल्या टोपणनावाने --साइन --एन्क्रिप्ट, लगेच तीच फाइल तात्पुरत्या जागी उघडून मूळ फाइलशी सीएमपी कमांडने बाइट-न-बाइट ताडणे, जुळले तरच ‘पाठवा’ फोल्डरात टाकणे. मधली कोणतीही पायरी फसली की थांबायचे, म्हणून सुरुवातीला सेट -ई. ताडण्याची पायरी वेळखाऊ वाटते, पण एन्क्रिप्ट-टू ओळ कोणी कॉन्फ फाइलमधून उडवली तर ते तिथेच पकडले जाते.

१५ जुलै : पहिली खरी यादी

जूनच्या परताव्याची यादी स्क्रिप्टमधून गेली, लेखापरीक्षकांच्या जुन्या संगणकावर उघडली, सही जुळली, फिंगरप्रिंट ताडला.

बाकी कामे : सचिवांच्या लॅपटॉपसाठी याच स्क्रिप्टची विंडोज आवृत्ती. संग्रह चावीची कागदी प्रत अजून छापायची आहे. सीआर२०३२ चे दोन सेल कपाटात जास्तीचे ठेवायचे. चाव्यांची मुदत ज्या दिवशी संपते त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख कार्यालयाच्या कॅलेंडरवर आणि बैठकीच्या वहीत, दोन्हीकडे लिहायची.